पुरेसं पाणी

२ मार्च, रविवार

बऱ्याच वर्षांनी वही काढली. मे महिन्यात पुण्याच्या एका परिसंवादात मला निबंध वाचायचा आहे आणि डोक्यात चाललेलं कुठेतरी उतरवल्याशिवाय तो होणार नाही. विषय मीच सुचवला: वाढीनंतरचं अर्थशास्त्र. तेवीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतोय, की देशाचं उत्पन्न वाढत गेलं की बाकीचं आपोआप ठीक होतं. फळ्यावर वर जाणारी रेघ काढतो. हल्ली ती काढताना हात अडखळतो. श्रीमंत देशांतले काही अभ्यासक म्हणू लागलेत, वाढ पुरे, आता कमी करा. मग आपल्यासारख्या देशांनी काय करायचं? मला वाटतं, आपल्याकडे उत्तर आधीपासून आहे. आपली जुनी माणसं थोडक्यात भागवत होती आणि सुखी होती. एवढंच नीट मांडायचं आहे.

सुरुवात घरापासून. आज जेवताना सांगून टाकलं: वर्षभर नवीन काही घ्यायचं नाही, एसी लावायचा नाही आणि वॉशिंग मशीनही बंद. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात आमच्या इमारतीला नळाचं पाणी दिवसाआड अर्धा तास, बाकी सगळं टँकरवर. त्या पाण्यावर मशीन चालवणं मला पटत नाही.

माझी बायको रचना म्हणाली, "कपडे कोण धुणार?"

"आपण."

ती पुढे काही बोलली नाही. आई ताट उचलून आत गेली. दोघींचा होकार आहे असं धरतो.

९ मार्च, रविवार

एलिनाने घरी बोलावलं होतं. ती आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, राहते गिरीजला. विरारहून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत माणूस दुसऱ्याच जगात पोचतो. नारळीची सावली, केळीची झाडं, मधून जाणारे पाण्याचे पाट. तिचे वडील ऑगस्टीन सत्तरीचे आहेत. वाडीत काम करत होते, हात पुसत आले. घरात ते आपल्या बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र स्वच्छ मराठीत, जरा सावकाश.

मी त्यांना विचारलं, "काका, आणखी काही हवंसं वाटतं का?"

"सर, आता उपवासकाळ चाललाय आमचा. ईस्टरपर्यंत मी मासे सोडलेत. मासे हवेसे वाटतात."

मी हसलो. मला हवा होता तो माणूस सापडला. घराची वाडी, विहीर, प्रार्थना, चार माणसं. निबंधाचा तिसरा भाग त्यांच्यावरच लिहायचा. निघताना ते मला विहिरीपाशी घेऊन गेले. पाणी मचूळ होत चाललंय म्हणाले. केळीच्या पानांच्या कडा करपलेल्या दाखवल्या. आसपासच्या विहिरींना मोठे पंप लावून दिवसभर टँकर भरतात, मग जमिनीखाली समुद्राचं पाणी आत सरकतं. मी ते सगळं टिपून घेतलं. शहराची हाव, असं शीर्षक दिलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. सोसायटीत यंदा कोरडे रंग खेळावेत असं मी सुचवलं आणि आमचे सेक्रेटरी सुमेध यांनी ते मानलंही. बरं वाटलं.

रचनाने उजव्या मनगटाला पट्टी बांधली आहे. बोरिवलीच्या लॅबमध्ये दिवसभर नमुने तपासत बसते, त्याचंच असणार. तिला म्हटलं, रजा घे दोन दिवस. ती म्हणाली, रजेने काय होणार. खरं आहे, अशा कामात रजा पुरत नाही.

मशीन बंद असूनही घरात काही अडत नाहीये. आपल्या गरजा किती खोट्या असतात याचा हा पुरावा. निबंधात घालायचा.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस मोठा होता. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर गिरीजच्या चर्चच्या हॉलमध्ये गावाची सभा होती, टँकरना पाणी द्यायचं की थांबवायचं यावर. एलिनाने मला बोलवलं. जाताना वाटेत तिने विचारलं, "सर, तुमच्या बिल्डिंगला पाणी कुठून येतं?"

"टँकरने."

"हो, पण—" ती म्हणाली, तेवढ्यात आम्ही पोचलो आणि फादरांनी आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं.

बोलणं तापत गेलं. सगळ्यांचा रोख गॉडफ्रेवर होता. त्याच्या विहिरीवर तीन पंप चालतात. पन्नाशीचा, अंगाने जाड, बोलताना कोणाकडे न बघणारा माणूस. तो म्हणाला, "मी पाणी विकतो म्हणून मी वाईट. माझी केळी कोणी विचारत नाही, पाणी विचारतात. आणि ते पाणी कोणी गटारात नाही ओतत. तिकडे पूर्वेला माणसंच पितात ना? त्यांच्या घरीपण पोरंबाळं आहेत."

ऑगस्टीन काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फादर म्हणाले, सरांना काही सांगायचं असेल तर सांगा. मी उभा राहिलो. म्हणालो, मागणीला अंत नसतो. आज दहा टँकर दिले तर उद्या वीस लागतील, इमारती वाढतच जातील. कधीतरी कोणीतरी पुरे म्हणायला हवं. ते म्हणायची ताकद शहरात नाही, ती तुमच्यासारख्या गावांत आहे. लोकांनी कमी पाण्यात राहायला शिकलं पाहिजे. आमच्या आईच्या लहानपणी अख्ख्या घराला दिवसाला चार हंडे पुरायचे.

टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी ऑगस्टीन काकांच्या. हात वर झाले आणि ठराव झाला: एक एप्रिलपासून गिरीजमधून एकही टँकर भरायचा नाही. गॉडफ्रे उठून निघून गेला.

इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याने पहिल्यांदाच काहीतरी घडलं.

२ एप्रिल, बुधवार

टँकर आला नाही. कालही नव्हता आला. आज सकाळी सुमेध जिन्यात भेटले. कपाळाला आठ्या. म्हणाले, "टँकरवाल्याने हात वर केलेत. गिरीजवाल्यांनी पंप बंद केले म्हणतो. आपलं सगळं पाणी तिकडनंच यायचं. कोणीतरी प्रोफेसर जाऊन भाषण देऊन आला म्हणे."

मी म्हणालो, "दुसरीकडून बघा." ते म्हणाले, "दुसरीकडे आधीच रांग आहे."

आता लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मला माहीत नव्हतं. टँकर गेटातून आत येतो आणि टाकीत पाईप सोडतो, एवढंच मी बघत आलो. त्याच्या मागे कुठली विहीर असेल हा प्रश्न कधी पडला नाही. मीच गावाला सांगून आलो, लोकांनी कमी पाण्यात राहायला शिकावं. ते लोक म्हणजे आम्ही चौतीस घरं.

तरी तत्त्व चूक आहे असं वाटत नाही. थोडे दिवस त्रास होईल, मग सवय होईल.

५ एप्रिल, शनिवार

टाकी कोरडी आहे, म्हणून वर पाणी चढत नाही. नळाचं पाणी येतं तेव्हा ते खालच्या नळावरच भरायचं. पहाटे साडेपाचला रांग लागते. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. मला अकरावीचे पेपर तपासून द्यायचे आहेत, म्हणून सध्या रचना आणि आई बघतायत. रचना कामावर जाण्याआधी सात-आठ फेऱ्या करते. रांगेत भांडणं होतात म्हणते. दुसऱ्या मजल्यावरच्या ॲनिशाला आठवा महिना आहे, तिच्याही दोन बादल्या रचनाच वर नेऊन देते.

जेवताना वातावरण जड होतं. मी आईला म्हणालो, "आई, तू सांग ना. तुमच्याकडे संगमेश्वरला कसं जमायचं? हंडे, वाट, मैत्रिणी, गाणी." लहानपणी ही गोष्ट मी तिच्याकडे कितीदा मागितली असेल.

आई म्हणाली, "जमायचं."

रचना उठून आत गेली. दमली असणार.

८ एप्रिल, मंगळवार

आई पडली. सकाळी रचना रांगेत असताना आई दोन कॅन घेऊन उतरली, भरले आणि निघाली वर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाणी सांडलं होतं. मी पेपर तपासत होतो. आवाज आला, वाटलं कोणाचं तरी भांडं पडलं. मग ॲनिशाची हाक आली.

डावा हात कोपराच्या खाली दोन ठिकाणी मोडलाय आणि कंबरेला मुका मार आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती, कण्हली नाही. एकदाच म्हणाली, "कॅन तिथेच राहिले. कोणीतरी नेईल."

१० एप्रिल, गुरुवार

आईला घरी आणलं. प्लॅस्टर सहा आठवडे. दुपारी मी तिच्याजवळ बसलो. रचना लॅबला गेली होती. दोन दिवस मनात होतं ते विचारलं, "तू कशाला गेलीस पाण्याला?"

"तूच म्हणालास ना, तेव्हा जमायचं म्हणून. म्हटलं बघू, अजून जमतं का."

ती छताकडे बघत होती.

"जमायचं कुठे रे. करायला लागायचं. माघ सरला की आमचा पऱ्या, घराखालचा ओढा, आटायचा. मग खाली उतरून त्यात खड्डा उकरायचा आणि वाटीवाटीने हंडा भरेपर्यंत बसायचं. मी चौथी पास झाले, वर्गात पहिली. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या, हिला पाचवीला पाठवा म्हणून. आमची आई बाळंतीण. दादा शेतावर. पाणी कोण आणणार? मग मी राहिले. बाई पाठमोऱ्या जाताना अजून दिसतात मला. निळ्या काठाचं पातळ होतं."

"तू हे कधी सांगितलं नाहीस."

"तू लहान होतास, गोष्ट मागायचास. लहान मुलाला काय सांगायचं? मी गाणी घालून सांगायचे. तुला आवडायची. मग मोठा झालास, तरी तीच मागत राहिलास."

तिने पाणी मागितलं. मी पेला धरला. अर्धा पेला प्यायली आणि म्हणाली, उरलेलं झाडाला घाल.

संध्याकाळी निबंधाचा दुसरा भाग उघडला. 'जुन्या समाजातील स्वेच्छेचा संयम', असं त्याचं नाव. आईच्या चार हंड्यांनी सुरू होतो. त्यातला एकही हंडा तिच्या इच्छेने उचललेला नव्हता. पानं काढून टाकली. दुसरं काय लिहायचं ते सुचत नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. लोक चर्चमधून हातात झावळीच्या काड्या घेऊन बाहेर पडत होते, तेव्हा मी गिरीजला पोचलो. ऑगस्टीन काका वाडीत बाकड्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की तुम्ही पाणी बंद केलंत ते आमच्या इमारतीचं, आणि माझी आई जिन्यात पडली.

ते म्हणाले, "आईचं एलिनाकडून कळलं. मी येणारच होतो. पण पाण्याचं मला आधीच माहीत होतं, सर. सभेच्या आदल्या दिवशी एलिनाने सांगितलं होतं, सरांची बिल्डिंग गॉडफ्रेच्या पाण्यावर आहे. मला वाटलं, तुम्हालाही माहीत असणार. तुम्ही उभे राहिलात, तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस स्वतःचं पाणी तोडायला निघालाय. म्हणून मी टाळ्या वाजवल्या."

"मला माहीत नव्हतं, काका."

केळीच्या बुंध्याजवळ वाळलेलं पान लोंबत होतं, ते त्यांनी ओढून काढलं.

"उपवास आपला आपण धरायचा असतो," ते म्हणाले. "मी मासे सोडले, म्हणून बायकोच्या ताटातले नाही काढले. सभेत आम्ही तेच केलं. रागात केलं. गॉडफ्रे बोलला ते मला तेव्हाही टोचलं होतं."

"मग ठराव चूक होता?"

"विहिरी वाचायला हव्यात. माझी वाडी मरतेय, ते खोटं नाही. पण बंद म्हणजे सगळंच बंद, हे सोपं आहे म्हणून केलं. किती द्यायचं आणि कोणाला, हे ठरवायला बसावं लागतं. ते कोणी बसत नाही."

मी म्हणालो, बसू या. ते म्हणाले, "तुमच्याकडून कोण बसणार? तुम्ही एकटे नको. पाणी भरतात त्यांना आणा."

तेव्हा कुठे मला सुचलं, की रचनाला विचारावं.

१७ एप्रिल, गुरुवार

काल आमच्या गच्चीवर बैठक झाली. ऑगस्टीन काका आले. ते गॉडफ्रेलाही घेऊन आले होते, याचं मला आश्चर्य वाटलं. भाषण देणारा प्रोफेसर मीच, हे सांगून टाकल्यावर सोसायटीतले लोक सुरुवातीला माझ्यावरच तुटून पडले. सुमेध म्हणाले, "सर, तुम्हाला दुनिया सुधारायची असेल तर तुमच्या फ्लॅटपासून सुधारा, आमचं पाणी कशाला?" मी ऐकून घेतलं.

मग रचना बोलली. मी तिला इतकं बोलताना फार दिवसांनी ऐकलं. वहीतून वाचत होती. पंधरा दिवस तिने लिहून ठेवलं होतं, कुठल्या घरात किती माणसं, किती बादल्या लागतात, कोणाला वर नेऊन द्याव्या लागतात, आजारी कोण, बाळंतीण कोण. "स्वयंपाक, पिणं, अंघोळ, धुणं, संडास. एवढ्याला माणशी किती लागतं ते मी काढलंय. त्याच्या खाली गेलं तर ते बायकांच्या अंगावर येतं. त्याच्या वर आम्हाला नको. आणि आमच्या टाकीचा कॉक वर्षभर गळत होता, रोज सकाळी पाणी रस्त्यावर वाहायचं, गाड्या धुवायचे. ते आमचं आम्ही थांबवू."

गॉडफ्रेने वही हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. "एवढं तर मी एका पंपावर देतो," तो म्हणाला. "दिवसातून चार तास. तीन पंप कशाला चालायचे मग?"

सगळ्यांनी शेजारच्या नव्या टॉवरकडे पाहिलं. त्यांच्या पोहण्याच्या तलावाचं पाणीही गिरीजचंच होतं, हे काल कळलं.

असं ठरलं: गॉडफ्रे दोन पंप काढणार. पावसाळा लागेपर्यंत एकाच पंपाचं पाणी, आमच्यासारख्या तीन इमारतींना, रचनाने काढलेल्या हिशेबाने. तलावाला नाही. आमच्या इमारतीच्या नकाशात पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा आहे, त्यात बिल्डरने विटांचा चुरा भरून वर फरशी घातली आहे. तो जूनच्या आधी उघडायचा. ऑगस्टीन काका म्हणाले, गावात पुन्हा सभा घेऊ, माझं सगळे ऐकतीलच असं नाही. गॉडफ्रे म्हणाला, "माझी कमाईपण कमी होणार आहे, हे पण सांगा तिथे." ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रचनाला रात्री म्हटलं, तू ही वही ठेवत होतीस हे मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "समोर टेबलावरच असते."

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. गावाची सभा झाली, ठराव बदलला, पण थोडक्या मतांनी. विरोधात बोलणारेही होते आणि त्यांचंही चूक नव्हतं. एलिना म्हणाली, विहिरी गोड व्हायला दोन-तीन पावसाळे जातील, तेही पंप खरंच कमी राहिले तर. टॉवरवाल्यांनी दुसऱ्या गावातून टँकर आणायला सुरुवात केली आहे. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या विहिरीत आता समुद्र सरकेल. निबंधात याला काय म्हणायचं?

दुपारी ऑगस्टीन काकांनी आईसाठी केळी पाठवली. लहान आहेत. आईने दोन खाल्ली.

२७ एप्रिल, रविवार

निबंध नव्याने लिहिला. चौदा पानं. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, या दोन्ही रेघा एकाच वेळी आखाव्या लागतात. ज्यांच्याकडे पुरेसं कधी नव्हतंच त्यांना कमी करा सांगता येत नाही, आणि ज्यांच्याकडे तलाव आहे त्यांना सांगायला कोणी जात नाही. मला वाटलं, चांगलं उतरलंय. दुपारी आईला म्हटलं, वाचून दाखवू का? ती म्हणाली, मीच वाचते. उशीला टेकून बसली, प्लॅस्टरच्या हाताने पानं दाबून धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत वाचत गेली. दोन तास लागले. मधे तीन शब्दांचे अर्थ विचारले. शेवटी पानं सारखी करून माझ्या हातात दिली.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "पण हंडा कोणाच्या डोक्यावर आहे, ते नाही यात कुठे."

मी म्हणालो, आहे, पाचव्या भागात आहे. तिथे बसूनच पानं चाळली. माणशी पाणी होतं. इमारती होत्या, गाव होतं, समाज होता, घटक होते. चौदा पानांत पाणी भरणारं माणूस एकही नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार

परिसंवादाला कळवलं, की निबंध यंदा देता येणार नाही. कारण विचारलं, तर म्हणालो, अजून माहिती गोळा करतोय.

टाकी अजून दुरुस्तीत आहे, म्हणून गॉडफ्रेचा टँकर खालच्या पिंपांत रिकामा होतो आणि पाणी वर न्यावंच लागतं. आज मी गेलो. आमच्या सात फेऱ्या, ॲनिशाच्या दोन. पाचव्या फेरीला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलो. बोटांना वळ उठले होते. वरून रचना उतरत होती, कामावर निघालेली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

"आज मी सगळं भरतो," मी म्हणालो.

"आणि उद्या?"

उद्या बारावीच्या जादा तासांच्या नियोजनाची बैठक आहे, सकाळीच. तसं सांगितलं. ती थोडी हसल्यासारखी वाटली. मग माझ्या पायरीवरची भरलेली बादली उचलून ती ॲनिशाच्या दारापाशी ठेवून आली आणि खाली निघून गेली. तिच्या मनगटावरची पट्टी अजून तशीच आहे. लॅबमध्ये तिला दुसरं काम मागून घ्यायला सांगायला हवं, असं मनात येत होतं. मग हातातल्या वळांकडे लक्ष गेलं. लॅबमध्ये कोणी कपडे पिळत नाही, बादल्या उचलत नाही.

कॉलेजला फोन करून सांगितलं, उद्याची बैठक दुपारी ठेवा.